कोराडीचा शेअर कुठे मिळतो?

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी ‘ऊर्जा कंपन्यांच्या शेअरचा बीटा’ (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो ते सांगणारा आकडा) हा विषय घेतला, त्यामागे खरं कारण आळसाचं होतं. बाबा नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात, शेजारचे काका वेस्टर्न कोलफील्ड्समधून रिटायर झालेले, आणि गच्चीतल्या वाळवणावर राख पडते म्हणून आईची रोजची कटकट. वाटलं, घरचाच विषय आहे, निम्मा तर असाच येतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “मग आपल्या कोराडीचा शेअर केवढ्याला चालू आहे ते पाहून सांग ना बाप्पा.”

पहिली गोची तिथेच झाली. कोराडी महानिर्मितीची, महानिर्मिती ही राज्य सरकारची वीज तयार करणारी कंपनी, आणि तिचा शेअर बाजारात नाहीच. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्सला, पण ती कोल इंडियाची उपकंपनी. शेअर मिळतो तो कोल इंडियाचा, तोही 2010 पासून. मौद्याचं वीज केंद्र एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचं, पण एनटीपीसीच्या देशभरातल्या पसाऱ्यात मौदा म्हणजे एक कोपरा. म्हणजे लहानपणापासून ज्या धुराच्या चिमण्या बघत आलो, त्यांपैकी एकीचाही बीटा सरळ काढता येत नव्हता. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी सुरुवातीलाच हे तपासावं: समोर दिसणारा कारखाना आणि बाजारात दिसणारा शेअर यांच्यात कोणकोणते मालक उभे आहेत?

आता बीटा म्हणजे काय, ते पुस्तकात मिळतंच. बाजार एक टक्का हलला तर हा शेअर सरासरी किती टक्के हलतो, तो आकडा. अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी 1964 मध्ये जोखीम आणि परतावा यांची सांगड घालणाऱ्या ज्या मॉडेलवर लेख लिहिला, त्यातून तो रूढ झाला. 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परीक्षेत एवढ्यावर मार्क पडतात. माझ्या डोक्यात उजेड पडला तो मात्र सूत्र फोडून पाहिल्यावर. बीटा म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: शेअर बाजाराच्या किती पट हेलकावतो, आणि ते हेलकावे बाजाराच्या तालावर किती असतात. समजा एक शेअर बाजाराइतकाच हलतो आणि ताल जुळण्याचं प्रमाण, म्हणजे सहसंबंध, 0.6 आहे. बीटा 0.6. दुसरा शेअर बाजाराच्या दुप्पट हलतो, पण सहसंबंध 0.3. याचाही बीटा 0.6. कागदावर दोघे जुळे भाऊ, पण दुसरा शेअर ज्याच्याकडे आहे त्याची झोप उडालेली असणार.

हे मला पाठ होतं, पण कळलं होतं असं म्हणवत नाही. 2022 च्या जूनमध्ये रामदासपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात नुकताच चिकटलो होतो. एका रविवारी शेजारचे काका तर्री पोहे खाता खाता म्हणाले, “तेल काढणाऱ्या ओएनजीसीचा शेअर घेऊन ठेवला आहे, रिस्क किती आहे रे याच्यात?” मी नव्या नोकरीच्या तोऱ्यात सांगितलं, “काका, बीटा एकच्या आसपास आहे. बाजार पडेल तेवढाच पडेल. बाजार ठीक तर तुम्ही ठीक.” काका समाधानाने घरी गेले.

1 जुलै 2022 चा शुक्रवार. रशिया-युक्रेन युद्धानंतर कच्चं तेल भडकलं होतं आणि सरकारने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे 23,250 रुपयांचा जादा कर लावला. सेन्सेक्स त्या दिवशी जेमतेम शंभर-सव्वाशे अंशांनी खाली आला. ओएनजीसी 13 टक्क्यांहून जास्त, रिलायन्स सात टक्क्यांच्या आसपास. माझ्या हिशेबाने काकांचा शेअर पाव टक्काच पडायला हवा होता! संध्याकाळी ते फाटकाशी आले, काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, “बाजार तर ठीकच होता ना रे?”

बीटा त्या दिवशीही चुकला नव्हता. त्याला जे विचारलंच नव्हतं, ते मी त्याच्या तोंडी घातलं होतं. बाजाराशी न जुळणारी जोखीम बीटात येतच नाही. तुमच्याकडे तीस-चाळीस वेगवेगळे शेअर असतील तर ती एकमेकांत जिरते, म्हणून मॉडेल तिला किंमत देत नाही. काकांकडे तीनच शेअर होते आणि तिन्ही सरकारी ऊर्जा कंपन्यांचे. त्यांच्यासाठी ती जोखीम जिरणार कुठे? तेव्हापासून बीटासोबत मी आर-स्क्वेअर पाहतोच: शेअरच्या चढउतारापैकी किती वाटा बाजारामुळे आहे, ते त्यातून कळतं. तो 0.2 असेल तर ऐंशी टक्के गोष्ट बीटाबाहेर घडते आहे.

दुसरी एक चूक हसण्यासारखी आहे, पण ती जवळपास प्रत्येक नवा मुलगा करतो. 2024 च्या सुरुवातीला वीज वाहून नेणाऱ्या पॉवर ग्रिड या कंपनीचा बीटा काढत होतो. एका वर्षाचे आठवडी भाव उतरवले, टक्केवारी काढली, एक्सेलच्या ‘स्लोप’मध्ये टाकली. (आधी शेअरचा कॉलम, मग निफ्टीचा. उलटं टाकलं तरी एक आकडा येतो, आणि तो बिनधास्त चुकीचा असतो.) बीटा इतका बारीक आला की मला आनंद झाला, कंपनी स्थिर आहे हे सिद्धच झालं जणू. भाऊंनी, म्हणजे आमच्या सीनियरने, पडद्याकडे न बघताच विचारलं, “आलेख काढला का बे?” काढला. सगळे ठिपके एका घोळक्यात, आणि एक ठिपका खाली, एकटाच: एका आठवड्यात उणे 25 टक्के.

सप्टेंबर 2023 मध्ये पॉवर ग्रिडने तिनास एक बोनस दिला होता. तिनाचे चार शेअर झाले की भाव तीन चतुर्थांशावर येतो, आणि भागधारकाचं नुकसान शून्य. मी उतरवलेले भाव बोनससाठी दुरुस्त केलेले नव्हते. त्यात योगायोग असा की त्याच आठवड्यात निफ्टीने पहिल्यांदा 20,000 ला हात लावला होता. म्हणजे माझ्या तक्त्यानुसार बाजार वर आणि पॉवर ग्रिड पाताळात. तेवढ्या एका ठिपक्याने सगळी रेघ वाकवली होती. मोठा लाभांश देणाऱ्या कोल इंडियासारख्या शेअरमध्येही हाच घोळ थोडा लहान प्रमाणात होतो. म्हणून दुरुस्त भाव घ्या, आणि रेघ काढण्याआधी ठिपके डोळ्यांनी बघा.

वीज कंपन्यांचा बीटा कमी का असतो, हे नागपूरकराला समजावून सांगायची गरज नाही. मंदी आली म्हणून मे महिन्यात इथे कोण कूलर बंद करतो? त्यातून एनटीपीसीसारख्या कंपनीची कमाई केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांनी बरीचशी बांधलेली. औष्णिक केंद्राला भागभांडवलावर मिळणाऱ्या परताव्याचा मूळ दर 15.5 टक्के ठरलेला आणि कोळशाचा खर्च दरात वसूल होतो. याउलट जी कंपनी वीज रोजच्या बाजारात विकते, तिचं नशीब त्या दिवसाच्या दरावर. तेलात आणखी गंमत. कच्चं तेल महागलं की ते काढणाऱ्याची चांदी, आणि पंपावर पेट्रोल विकणाऱ्याच्या पोटात गोळा. दोघांचा बीटा सारखा निघू शकतो. म्हणून ‘ऊर्जा क्षेत्राचा सरासरी बीटा’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, सरासरीत कोण कोण घेतलं आहे?

मग कोराडीच्या बीटाचं काय? प्रोजेक्टला मला तो काढावाच लागला. रीत अशी: तसाच धंदा करणाऱ्या, बाजारात असलेल्या कंपन्यांचे बीटा घ्यायचे, त्यांतून कर्जाचा परिणाम काढून टाकायचा, आणि आपल्या प्रकल्पाचं कर्ज परत घालायचं. कर्ज काय करतं ते एका कल्पित उदाहरणात पाहा. बिनकर्जाचा बीटा 0.5 धरा. वीज प्रकल्पात कर्ज आणि भागभांडवल 70:30 धरायची पद्धत आहे, म्हणजे कर्ज भागभांडवलाच्या 2.33 पट. कर 25 टक्के. मग 0.5 गुणिले (1 अधिक 0.75 गुणिले 2.33), म्हणजे जवळपास 1.37. धंदा तोच, कूलर तेच, पण कर्जामुळे बीटा अर्ध्यावरून एकच्या पार. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला होता. यात बाजारभावाचं गुणोत्तर घ्यायचं असतं, ताळेबंदातलं नाही. मी ताळेबंदातलं घेतलं होतं आणि तोंडी परीक्षेत सरांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

किती काळाचे आकडे घ्यायचे, यावर ऑफिसात आजही भांडणं होतात. 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस. निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास पडला. एनटीपीसी, ओएनजीसी, कोल इंडिया या सगळ्या दोन आकडी टक्क्यांनी. ज्यांना आम्ही थंड डोक्याचे शेअर म्हणायचो, ते बाजाराच्या दुप्पट वेगाने खाली. तो एक दिवस धरला तर वर्षभराचा दैनिक बीटा वेगळा, वगळला तर वेगळा. काही जण तो अपवाद म्हणून काढून टाकतात. मला ते पटत नाही, कारण मालक सरकार असणं हीच या कंपन्यांची जोखीम आणि ती अशाच दिवशी तोंड दाखवते. मी दोन्ही आकडे लिहितो आणि कोणता का वापरला ते खाली एका ओळीत टाकतो.

मुलाखतीला जाणार असाल तर एक प्रश्न तयार ठेवा, मला विचारला होता: उन्हाळ्यात विजेची मागणी वाढते, मग वीज कंपनीचा बीटाही उन्हाळ्यात वाढतो का? मी घाईत हो म्हणालो, आणि चुकलो. मे येणार हे सगळ्या बाजाराला जानेवारीतच माहीत असतं, ते भावात आधीच धरलेलं असतं, आणि त्याचा निफ्टीच्या चढउताराशी संबंध नाही. नोकरी तरी मिळाली, कशी ते मलाही ठाऊक नाही.

आता नव्या मुलांना जो तक्ता देतो, त्यात बीटा, आर-स्क्वेअर, कालावधी आणि कर्जाच्या रकान्यांनंतर शेवटी एक रिकामा रकाना आहे: ‘बाजार शांत असताना हा शेअर कशाने पडेल?’ तो काकांमुळे आला. बहुतेक जण तिथे ‘सरकारी धोरण’ एवढंच लिहून मोकळे होतात. मागच्या खेपेला उमरेडच्या एका मुलाने कोल इंडियासमोर लिहिलं, ‘रेंगाळलेला पाऊस, खाणीत पाणी’. मी विचारलं, हे कुठे वाचलंस? म्हणाला, “वाचलं नाही सर, आमच्याकडे दरवर्षी पाहून राहिलो.”