घाणेरीचा गवा पोखरला, तेव्हा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या उतारावर घाणेरी नुसती माजलीय. मूळची अमेरिकेतली ही झुडपं इथल्या गवताला जागाच ठेवत नाहीत, त्यामुळे ती तोडताना मला वाईट वाटत नाही. (कासच्या पठारावरून मात्र काडीही उचलायची नाही; २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे.)

गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या बांधावरच्या घाणेरीच्या काठ्या वाकवून, बांधून हातभर उंच शोभेचा गवा केला. दोन महिन्यांत त्याच्या पोटाखाली पिठासारखा भुगा पडू लागला. काठ्यांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. मानेचा बाक तर सुकताना तडकलाच. जीव तुटला माझा.

टोपल्या विणणाऱ्या काकांना दाखवला. म्हणाले, "अगं पोरी, साल ठेवलीस म्हंजे किड्याला घरच दिलंस की!"

दुसऱ्यांदा ताज्या काठ्या पत्र्याच्या डब्यात तासाभर उकळल्या. साल बोटांनी सोलली गेली, आतून गुळगुळीत, फिकट लाकूड निघालं. गरम असतानाच गुडघ्यावर वाकवून सुतळीने आवळलं, पंधरा दिवस सावलीत वाळवलं, मग जवसाच्या तेलाचे दोन हात. पाठीचा उंचवटा, ज्याने गवा गवा दिसतो, तो सगळ्यांत जाड काठीचा.

खाली पांढरा कागद अंथरलाय. रोज सकाळी बघते. अजून कोरा आहे.