होरुमोन भाजताना या चुका टाळा

ओसाकाला पाहुणा आला की त्याला एकदा तरी त्सुरुहाशीच्या गल्ल्यांत न्यावंच लागतं. स्टेशनाबाहेर पडलं की धूरच वाट दाखवतो. होरुमोन म्हणजे आपली वजडी, आतडी, काळीज (म्हणजे यकृत) वगैरे, पण रस्सा नाही, मसाला नाही. टेबलावर कोळशाची छोटी शेगडी येते, तिला शिचिरिन म्हणतात, आणि भाजायचं ज्याचं त्यानं. घोळ इथूनच सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक: अख्खी ताटली एकदम जाळीवर ओतणे. माझा मावसभाऊ कोल्हापूरचा. "मटणातलं मला शिकवतोस?" म्हणत त्यानं मारुचोची पूर्ण ताटली पालथी केली. मारुचो म्हणजे बैलाचं लहान आतडं, उलटं करून चरबी आत घेतलेलं. गरम झालं की ती चरबी थेंबाथेंबानं निखाऱ्यावर गळते. दोन मिनिटांत हातभर ज्वाळा उठली. साहेबांनी काय करावं? ग्लासातलं पाणी शेगडीत ओतलं. फस्सकन राख उडाली ती आमच्या बिअरमध्ये, शेजारच्या आजोबांच्या भातात आणि त्याच्या स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर. आजोबांसमोर मी किती वेळा वाकलो ते मोजलं नाही. दुकानातल्या पोरानं मुकाट्यानं नवी जाळी आणि बर्फाची वाटी आणून ठेवली.

भडका उडाला की बर्फाचा एक खडा जाळीवर ठेवायचा, एवढंच. मी तर एका वेळी चारच तुकडे टाकतो आणि अर्धी जाळी रिकामी ठेवतो. ज्वाळा आली की तुकडे तिकडे सरकवायचे. ज्याला एवढा धीर नाही त्यानं सरळ ग्युदोन, म्हणजे भातावर शिजवलेलं बीफ, खावं, दोन मिनिटांत वाटी समोर येते.

शिमाचो, म्हणजे मोठं आतडं, आधी सालीच्या बाजूनं भाजा. जवळजवळ सगळं भाजणं त्याच बाजूनं होऊ द्या, चरबीची बाजू शेवटी जराशीच. उलटं केलंत तर चव निखाऱ्यात जाते आणि तुमच्या वाट्याला रबर येतं.

दुसरी चूक काळजाची, आणि हिच्यावर मी खरंच चिडतो. "इथं सगळं ताजं असतं, कच्चं चालतं," असं सांगणारा एक तरी शहाणा प्रत्येक टेबलावर असतो. २०११ मध्ये कच्च्या बीफमुळे विषबाधा होऊन माणसं दगावली. जुलै २०१२ पासून बैलाचं काळीज आणि जून २०१५ पासून डुकराचं मांस कच्चं खायला म्हणून विकायला जपानात बंदी आहे. कारण जंतू काळजाच्या आतही असू शकतात. तिथं ताजेपणा काय कामाचा? सोबत तिळाचं तेल आणि मीठ येतं ते भाजल्यानंतर बुडवायला, ती काही कच्चं खायची खूण नव्हे. नियम म्हणतो, आतपर्यंत ७५ अंश, एक मिनिट. टेबलावर थर्मामीटर कोण आणतो? मी जाड तुकडा कात्रीनं कापून बघतो, आत लाल दिसलं तर परत जाळीवर. जास्त भाजलं की ते खडूसारखं कोरडं लागतं हे मान्य. पण खडूनं कुणी दवाखान्यात जात नाही.

याच्याच जोडीची चूक म्हणजे कच्चं मांस आपल्या चॉपस्टिकनं उचलणे. चिमटा कशाला दिलाय? चॉपस्टिक फक्त तोंडासाठी. आमच्यातला एक जण हसला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसला दांडी मारली, चौथ्या दिवशीही.

बाकी किरकोळ. मीठवालं आधी, 'तारे' या गोडसर सॉसवालं नंतर, नाहीतर साखर जळून जाळी काळी होते. काळी झाली तर "अमी कोकान ओनेगाइशिमास", म्हणजे "जाळी बदलून द्या", म्हणा, लाजू नका. मिनो हे पहिलं पोट, ते चिवटच असतं, चावत राहा. पाहुणा बीफ किंवा डुक्कर खात नसेल तर आधीच विचारा आणि त्याला याकितोरीच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानात न्या. तिथं कोंबडीचं काळीज नि पेटा मिळतो, शिवाय भाजून देतात.

आणि कोट खुर्चीवर टांगू नका. बऱ्याच दुकानांत मोठी प्लास्टिकची पिशवी देतात, तिच्यात घाला. केसांना मात्र उपाय नाही, घरी जाऊन धुवायचे.