वाचनाचं ॲप मुलाच्या हातात देताय? या चुका टाळा

नवी मुंबईतल्या घणसोलीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रोज संध्याकाळी दुसरी-तिसरीची मुलं वाचायला जमतात. निम्मी गावठाणातल्या आगरी घरांतली, निम्मी माथाडी कामगारांची, मूळची साताऱ्याकडची. चार जुने फोन, एक टॅब आणि पुस्तकांची एक पेटी, एवढ्यावर आमचं चालतं. ॲपने मुलं वाचायला लागतात का, असं पालक विचारतात. लागतात. पण गाडी अडते ती बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणीच, आणि तिथे दोष मुलाचा नसतो.

आवाज चालू ठेवून 'वाचायला' लावणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि मीही ती कितीतरी महिने केली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, काही गोष्टींना आवाजही असतो. आमचा एक मुलगा शेळीची गोष्ट घडाघडा वाचायचा. एकदा त्याचे डोळे पाहिले तर ते दाराकडे होते. मी चित्रावर हात ठेवला, ओळीच्या मध्ये 'शेळी' या शब्दाखाली बोट धरलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय रे?" तो क्षणभर थांबला, मग वाक्याच्या सुरुवातीपासून पुटपुटत आला आणि म्हणाला, "शेळी!" एका शब्दापर्यंत पोचायला त्याला अख्खं वाक्य म्हणावं लागत होतं. गोष्ट त्याला पाठ होती.

आता आम्ही पहिल्यांदा आवाजासकट ऐकतो, दुसऱ्यांदा आवाज बंद करून वाचतो. तिसऱ्यांदा मी चार शब्द उलटसुलट क्रमाने विचारते आणि तेच शब्द कागदावर लिहून दाखवते. स्क्रीनवर ओळखलेला शब्द कागदावर अडला, तर तो अजून आलेला नाही असं मी धरते.

माइकचा राग मुलावर काढणं

मुलाने मोठ्याने वाचायचं आणि ॲपने ऐकायचं, अशीही ॲप असतात. गूगलचं रीड अलाँग त्यातलंच. ते २०१९ मध्ये आपल्याकडे 'बोलो' नावाने आलं होतं. मूल बरोबर वाचतंय आणि तरी शब्द पुढे सरकत नाही, अशी तक्रार सर्रास येते. आधी फोन बघा. फोन आडवा धरला की माइकचं भोक नेमकं मुलाच्या तळहाताखाली जातं. कव्हर जुनं असेल तर त्यात मळ साचलेला असतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी दिली आहे का, तेही पाहा. मग टीव्ही बंद करा आणि पंख्याच्या थेट झोतातून बाजूला बसा. आमच्याकडे बरेचसे अडथळे एवढ्यानेच गेले.

तरीही अडलं, तर बोलीचा विचार करा. आगरी घरात 'डोळा'चा 'डोला' होतो, 'पाणी'चं 'पानी'. ॲपने शब्द नाकारला म्हणून एक मुलगी रडवेली झाली होती आणि तिची आई तिला म्हणत होती, "तुला वाचताच येत नाही." मी कागदावर 'माळ' आणि 'माल' असे दोन शब्द लिहिले आणि विचारलं, गळ्यात घालतात ती कुठली? तिने लगेच 'माळ'वर बोट ठेवलं. म्हणजे डोळ्यांना ळ कळतो, जीभ घरची आहे. हे वाचनातलं अपयश मुळीच नाही. तिच्या आजीची भाषा चुकीची आहे असं एका फोनमुळे तिला वाटावं, हे मला सहन होत नाही. अशा शब्दाला अर्थ विचारा आणि पुढे चला.

अक्षराचं वळण न बघणं

शाळेत मूल पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतं. शासनाने २००९ च्या निर्णयात तेच वळण प्रमाण मानलं आहे. फोनवर मात्र बऱ्याचदा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात आणि नवशिकं मूल तिथेच थबकतं. फोनची भाषा मराठी केली की अनेक अँड्रॉइड फोनांवर हे सुटतं. ॲपने स्वतःचाच फाँट आणला असेल, तर दोन्ही वळणं शेजारी शेजारी लिहून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

इयत्तेवरून पातळी ठरवणं

तिसरीत आहे म्हणून तिसऱ्या पातळीची गोष्ट दिली, की मूल चित्रावरून अंदाज बांधायला लागतं. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या देशभरातल्या पाहणीत वाचनाची चाचणी असते, तिच्यातली उतरंड मला फार उपयोगी पडते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडखळतं, त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करा. जोडाक्षरांवर विशेष लक्ष ठेवा. 'चंद्र'चा 'चंद' झाला तरी वाक्याचा अर्थ लागतो, त्यामुळे ही गळती घरात कुणाच्या लक्षातच येत नाही.

वेळेचं म्हणाल तर आम्ही एका बैठकीला पंधरा मिनिटांपलीकडे जात नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन पाहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वयाला तर मांडीवर पुस्तकच घ्या.

चांदण्यांवर विश्वास ठेवणं

एका घरी ॲपमध्ये बक्षीस म्हणून मिळणाऱ्या चांदण्या आठवड्याभरात दुप्पट झाल्या, आई खूश झाली. चौकशी केल्यावर कळलं, पाचवीतली ताई भावाच्या नावावर खेळत होती. भावंडांची प्रोफाइल वेगळी ठेवा. आणि आठवड्यातून एकदा फोन बाजूला ठेवून बालभारतीचं पुस्तक उघडा, मुलाने न पाहिलेल्या पानावर. ठाण्यात राहत असाल तर १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात त्याला घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. दोन ओळी वाचताना शेजारी बसा. कुठे थांबतो, कुठे चित्राकडे बघतो, ते नुसतं पाहा. पुढच्या आठवड्यात ॲपमध्ये काय उघडायचं, ते तिथेच कळतं.