बांगडा, खरवस, सोलकढी : प्रथिनांच्या बाबतीत या चुका टाळा

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. मालवणच्या बाजारात सकाळी साडेसातला बांगडे घेतले. मासेवाली म्हणाली, "ताजो आसा, बाय." खरंच ताजा होता, डोळे चकचकीत आणि कल्ले लालभडक. पुढची चूक माझी. पिशवी स्कूटरला अडकवून मी दोन कामं उरकली. घरी आले तर वीज नव्हती, आणि बांगडे दुपारी एकपर्यंत ओट्यावरच राहिले. तिखलं छान झालं. जिभेला जरा जास्त झिणझिण्या आल्या, पण त्या आम्ही तिरफळांच्या समजलो. अर्ध्या तासात माझा चेहरा लाल झाला, सासूबाईंच्या मानेवर गांधी उठल्या, मुलाचं डोकं ठणकायला लागलं. शेजारच्या काकूंनी निदान केलं : माशाची अ‍ॅलर्जी.

ती अ‍ॅलर्जी नव्हती. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवसापासून अमिनो आम्लांचा धडा मी बांगड्यापासूनच सुरू करते.

प्रथिन म्हणजे अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, समजा. फुलं म्हणजे अमिनो आम्लं. ती 20 प्रकारची असतात, आणि दोन फुलांमधली गाठ म्हणजे पेप्टाइड बंध. वळेसर नुसता लोंबत नाही, विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेला असतो, आणि प्रथिनाचं काम त्या गुंडाळीवर ठरतं. याखेरीज काही फुलं सुटीही असतात. बांगडा, तारली, गेदर, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल असं सुटं, भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात आणि उरतं ते हिस्टामाइन. अ‍ॅलर्जीत आपलं शरीर जे रसायन सोडतं तेच इथे ताटातून पोटात जातं, म्हणून लक्षणं हुबेहूब तशीच दिसतात.

इथे सगळ्यात घातक समजूत म्हणजे "चांगला उकळला की सगळं मरतं". जिवाणू मरतात, पण हिस्टामाइन उकळून, तळून किंवा गोठवून जात नाही. वासावरही विसंबू नका, मासा नाकाला ठीक वाटत असतानाही ते साठलेलं असू शकतं. फरक ओळखायची एक खूण सांगते. त्याच बांगड्यातून जेवलेल्या बहुतेकांना एकदम त्रास झाला तर हिस्टामाइनचा संशय घ्या. एकाच माणसाला, आणि दर वेळी तो मासा खाल्ल्यावर होत असेल तर अ‍ॅलर्जी असू शकते. तिचं कारण बहुधा पार्वाल्ब्युमिन हे माशातलं प्रथिन असतं. श्वास लागला, ओठ-घसा सुजला, तर कारण शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. बाजारात जाताना डबा आणि बर्फ न्या. किलोभर माशाला किलोभर बर्फ हे आपल्या हवेत जास्त नाही.

मोरीचा, म्हणजे लहान शार्क माशाचा, उग्र वास ही वेगळी गोष्ट. तिच्या मांसात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. इतर माशांचा नेहमीचा वास ट्रायमिथाइलअमाइनचा. दोन्ही अल्कधर्मी आहेत, त्यामुळे आंबट लागलं की त्यांचे क्षार बनतात आणि वास हवेत उडत नाही. आपल्या आज्या मासळीला सोलं चोळायच्या ते बरोबरच होतं. मात्र वास दबला म्हणजे शिळा मासा ताजा झाला असं नाही.

"शिजवल्याने प्रोटीन मरतं" हे तर आता व्यायामशाळेत जाणारी मुलंही ऐकवतात. उष्णतेने वळेसराची गुंडाळी सुटते, गाठी शाबूत राहतात. उलट सुटलेल्या वळेसरात पाचकरसांना शिरायला सोपं जातं. कच्च्या अंड्यातलं प्रथिन साधारण निम्मंच पचतं, शिजवलेल्यातलं सुमारे 90 टक्के. दुधात कच्चं अंडं फेटून पिणं सोडा.

खरवस का बसत नाही?

कारण बहुतेक वेळा एकच, दूध जास्त झालं. साध्या दुधातलं मुख्य प्रथिन केसीन, ते उष्णतेने थिजत नाही, म्हणून तर दूध उकळता येतं. चिकात मात्र ग्लोब्युलिनं भरपूर असतात. वाफेवर त्यांची गुंडाळी सुटते, ती एकमेकांत अडकतात आणि पाणी धरून वडी होते. पहिल्या दिवशीच्या चिकात सुमारे 14 टक्के प्रथिनं असतात, गाईच्या नेहमीच्या दुधात सव्वातीन. पुढे प्रमाण झपाट्याने उतरतं, तेव्हा पहिल्या दिवशीचं माप तिसऱ्या दिवशी चालत नाही. आधी एका वाटीत दोन चमचे मिश्रण वाफवून बघा. सैल राहिलं तर आणखी चीक घाला. आच मंद ठेवा, नाहीतर जाळी पडून पाणी सुटतं.

आणि पाडसाचं आधी. ही ग्लोब्युलिनं म्हणजे गाईने वासरासाठी दिलेली प्रतिपिंडं. वासरू ती पोटातून घेऊन येत नाही, आणि त्याचं आतडं ती अख्खी शोषतं ते जेमतेम पहिला दिवसभर. ते पोटभर प्यायल्यावर जे उरेल तेच आपलं. याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

सोलकढी फुटण्याचं कारणही प्रथिनच. नारळाच्या रसात तेलाचे थेंब प्रथिनांच्या आवरणामुळे वेगळे राहतात. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, आंबटपणाने त्या प्रथिनांवरचा विद्युतभार जवळपास संपतो, थेंब एकत्र यायला लागतात, आणि वर आच दिली की चोथापाणी. म्हणून कढी गरम करू नये. आमटीत दाट रस शेवटी घालून एकच उकळी आणावी.

आता भात आणि कुळीथ. भाताच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, कुळथात ते भरपूर. कुळथात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते भात पुरवतो. दोन्ही एकाच घासात हवेत असं नाही, दिवसभरात आले की झालं. पण पिठीच्या एका वाटीवर दिवस निभेल ही समजूत चुकीची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम प्रथिन लागतं. वाटीभर पिठीला 25 ग्रॅम पीठ लागलं तर त्यातून मिळतं पाचएक ग्रॅम. 100 ग्रॅम बांगडा सुमारे 20 देतो. मासे न खाणाऱ्यांनी उसळ, डाळ, दही यांचं माप वाढवावं. कुळथात ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या पाचकरसाला, अडवणारी प्रथिनंही असतात. तेव्हा रात्री भिजत घाला, ते पाणी ओता, मोड आणा आणि बोटाने दाबल्यावर पिचेपर्यंत शिजवा.