राजकन्या एलिझाबेथच्या बालपणावर टिपण लिहिताना

जन्म २१ एप्रिल १९२६, १७ ब्रुटन स्ट्रीट, लंडन. हे आजोळचं घर. राजवाडा लिहू नका. सर्वाधिक चूक पुढे होते: तिला जन्मापासूनच भावी राणी ठरवतात. तेव्हा गादीसाठी तिचा क्रमांक तिसरा होता. डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या काकांनी गादी सोडली, वडील राजे झाले, तेव्हा दहा वर्षांची एलिझाबेथ वारस ठरली.

ती शाळेत गेलीच नाही, म्हणून वर्गमैत्रिणी घुसडू नका. मॅरियन क्रॉफर्ड घरी शिकवत. राज्यघटनेचा इतिहास ईटन या शाळेतल्या हेन्री मार्टन यांच्याकडे.

एक वस्तू तरी जवळून दाखवाच. वेल्सच्या लोकांनी १९३२ मध्ये दिलेलं खेळघर घ्या: शाकारलेलं छप्पर, आत वीज, नळाला पाणी, आणि मोठी माणसं वाकूनच शिरतील इतकं ठेंगणं. विशेषणांची रास यापुढे फिकी.

फेब्रुवारी १९४५ मधली लष्करी भरती आणि तिथलं गाडीदुरुस्तीचं शिक्षण गाळू नका.