मालिशला जाण्याआधी

आयुर्वेदिक मालिशला तेल सढळ हाताने लावतात. त्याचे डाग सहज निघत नाहीत, म्हणून जुने, सैल सुती कपडे घाला. घट्ट जीन्स नकोच. तेलकट अंगावर, त्यात गोव्याच्या दमट हवेत, ती चढता चढत नाही. मंगळसूत्र, अंगठ्या घरीच ठेवा. हुमण-भात (माशांची आमटी नि भात) जेवून लगेच पालथे झोपलात तर छातीत जळजळ होते. मध्ये 2 तास जाऊ द्या. आदल्या दिवशी वॅक्सिंग टाळा, तेल झोंबते. समुद्रावर उन्हाने कातडी भाजली असेल तर सरळ तारीख पुढे ढकला. गरोदरपण, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांविषयी आधीच सांगा. परतताना तळवे, तळपाय नीट पुसल्याशिवाय स्कूटरला हात लावू नका.