आयर्लंडच्या सोळाव्या-सतराव्या शतकातली माणसं अभ्यासायची तर

आयर्लंडच्या इतिहासात एम.ए. करायला निघालेले बहुतेक जण माणूस आधीच ठरवून येतात. कुणाला समुद्रावर हुकमत गाजवणारी ग्रेस ओ'मॅली हवी असते, कुणाला इंग्रजांशी वर्षानुवर्षं झुंजलेला ह्यू ओ'नील. डब्लिनमध्ये शिकताना आणि नंतर नव्या मुलांना विषय शोधायला मदत करताना माझं मत उलटं बनत गेलं. माणूस शेवटी ठरवावा. आधी त्याचे कागद कुणी, कुठे आणि कशासाठी सांभाळले ते बघावं.

याला कारण आहे. १९२२च्या जूनमध्ये यादवी सुरू झाली आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दफ्तरखाना जळून गेला. शतकानुशतकांचे खटले, मृत्युपत्रं, जमिनींचे दाखले, जवळजवळ सगळं गेलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी लंडनला धाडलेली पत्रं मात्र वाचली, कारण ती मुळात आयर्लंडात नव्हतीच. ती आज लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. परिणामी सोळाव्या शतकातला आयरिश सरदार आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा त्याच्यावर रागावलेल्या कुणा इंग्रजाच्या पत्रात. जळालेल्या दफ्तराच्या नकला जगभरातून गोळा करून २०२२ साली एक आभासी दफ्तरखाना इंटरनेटवर खुला झाला आहे. तो आवर्जून बघा, पण तिथून सगळं परत मिळेल ही आशा नको.

ग्रेस ओ'मॅलीचंच घ्या. आयरिश नाव ग्रॉन्या नी व्हॉल्या. जन्म साधारण १५३०चा, मेयो परगण्यात क्लू बे या उपसागराच्या काठी. घराणं दर्यावर्दी. तिच्या दंतकथा इतक्या आहेत की टॅक्सीवालाही दोन सांगेल. पण सतराव्या शतकात डनिगॉलच्या फ्रान्सिस्कन संन्याशांच्या आश्रयाने आयर्लंडची जी सर्वांत मोठी बखर तयार झाली, जिला चार पंडितांची बखर म्हणतात, तिच्यात या बाईचा उल्लेखच नाही. १६३२ ते १६३६ या काळात ती लिहिली गेली, म्हणजे ग्रॉन्याला जाऊन जेमतेम तीस वर्षं झाली होती. विसर पडला म्हणावं, तर तिच्या दोन्ही नवऱ्यांची घराणी तिथे आहेत.

मग ती सापडते कुठे? शत्रूच्या कागदांत. सर हेन्री सिडनी हा लॉर्ड डेप्युटी, म्हणजे राणीचा आयर्लंडातला प्रतिनिधी, सांगतो की गॉल्वेला ती आपल्याकडे आली, तीन गलबतं आणि दोनशे लढवय्ये देऊ केले, आणि नवऱ्यालाही बरोबर आणलं होतं, पण वरचढ तीच होती. पुढे कॉनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताचा गव्हर्नर रिचर्ड बिंगम याने तिचा पिच्छा पुरवला. तिचा एक मुलगा बिंगमच्या माणसांच्या हातून मारला गेला, आणि १५९३ साली दुसरा मुलगा आणि भाऊ कैदेत पडले. तेव्हा तिने थेट राणी एलिझाबेथकडे अर्ज केला. उत्तरादाखल दरबाराकडून अठरा प्रश्न आले: नवरे कोण, मुलं कोण, तिकडच्या चालीप्रमाणे विधवेला काय मिळतं? तिची उत्तरं आजही वाचता येतात. शेवटच्या नवऱ्याच्या पश्चात आपली माणसं आणि हजार गाई-घोड्या घेऊन आपण वेगळं बिऱ्हाड केलं, असं ती त्यात सांगते.

नवख्या वाचकाला हे आत्मकथन वाटतं. तसं ते नाही. मुलाला आणि भावाला सोडवायला निघालेल्या बाईने, कारकुनाच्या इंग्रजीत, राणीला रुचेल अशा बेताने दिलेली ती जबानी आहे. अर्जात चाचेगिरीला ती समुद्रावर आणि जमिनीवर पोट भरणं म्हणते. विधवेच्या वाट्याचं बोलते तेव्हा तिला राणीकडून उत्पन्न हवं आहे, हे लक्षात ठेवून वाचायचं. आणि गंमत अशी की हा हेतू ध्यानात घेऊन वाचलं की ती बाई जास्त खरी वाटायला लागते. राणीची भेट, लॅटिनमधलं संभाषण, रुमाल शेकोटीत टाकल्याचा किस्सा हे सगळं दंतकथेच्या खात्यात टाका. भेटीत काय बोलणं झालं याची नोंद उरलेली नाही. उरलं आहे ते सप्टेंबर १५९३चं राणीचं बिंगमला लिहिलेलं पत्र.

ह्यू ओ'नीलच्या बाबतीत अडचण वेगळी, कारण त्याच्यावर तीन बाजूंनी कागद आहेत: इंग्रजी, आयरिश आणि, स्पेन त्याच्या मदतीला आल्याने, स्पॅनिश. इथे तारखांनी डोकं फिरतं. किन्सेलची लढाई, जिथे त्याचं सगळं हरपलं, इंग्रजी कागदांत २४ डिसेंबर १६०१ला होते आणि स्पॅनिश कागदांत ३ जानेवारी १६०२ला. स्पेनने सुधारलेलं ग्रेगरी पंचांग घेतलं होतं, इंग्लंडने ते १७५२पर्यंत घेतलं नाही. आपल्याकडच्या अभ्यासकांना हे नवं नाही. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखसुद्धा जुन्या इंग्रजी पंचांगाचीच. त्यात आणखी एक पेच म्हणजे इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. एलिझाबेथ वारली २४ मार्चला आणि ओ'नील मेलिफाँटला शरण आला ३० मार्चला. मधे सहा दिवस, पण मूळ कागदांत पहिली घटना १६०२ची आणि दुसरी १६०३ची. राणी गेल्याचं तेव्हाचा लॉर्ड डेप्युटी माउंटजॉय याला ठाऊक होतं, ओ'नीलला नव्हतं, आणि मेलेल्या राणीपुढे तो गुडघे टेकून बसला. हा प्रसंग नीट मांडायचा तर टिपणवहीत प्रत्येक तारखेपुढे कुठलं पंचांग ते लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. १६०७ साली रथमलनहून जहाजात बसून तो कायमचा गेला आणि १६१६ साली रोममध्ये वारला. त्या शेवटच्या वर्षांसाठी स्पॅनिश किंवा इटालियन येत असेल तर सोनं. इंग्रजी कागदांत तेव्हा तो बहुतेक हेरांच्या अफवांमधूनच दिसतो.

नावांचंही तेच. एकच माणूस ओ'नील, टिरोन (टिरोनचा अर्ल म्हणून), ऑड ओ नेल (आयरिश नाव) आणि कारकुनाला सुचेल त्या स्पेलिंगने येतो. शोधपेटीत एकच रूप टाकून 'काही नाही' म्हणू नका.

कागद कमी असलेल्यांइतकीच कागद फार ठेवलेल्यांची भीती बाळगावी. रिचर्ड बॉईल हा त्यातला मेरुमणी. कँटरबरीचा पोरगा, १५८८ साली डब्लिनला उतरला तेव्हा खिशात २७ पौंड ३ शिलिंग होते, असं तो स्वतःच सांगतो. आईने दिलेली हिऱ्याची अंगठी आणि सोन्याचं कडंही सांगायला तो विसरत नाही. पुढे त्याने १६०२मध्ये वॉल्टर रॅलीची मन्स्टरमधली हजारो एकर जमीन १,५०० पौंडांत घेतली आणि १६२०मध्ये अर्ल ऑफ कॉर्क झाला. त्याच्या आठवणी वाचताना सगळं देवाची कृपा म्हणून घडत जातं. लोकांच्या जमिनींच्या दाखल्यांतली खोट शोधण्याच्या सरकारी कामावर तो होता, त्यातून आरोप झाले, तुरुंगाची हवाही खाल्ली, याची दुसरी बाजू विरोधकांच्या कागदांतून कळते. त्याला पंधरा मुलं झाली. लिस्मोरच्या वाड्यात १६२७ साली जन्मलेला रॉबर्ट त्यांतलाच; आपल्याकडे शाळेच्या विज्ञानात वायूच्या दाबाचा आणि आकारमानाचा जो नियम पाठ करून घेतात, तो याचा. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये बापाने बांधलेलं अवाढव्य स्मारक आहे, त्यावर सगळं कुटुंब रंगीत पुतळ्यांत मांडलेलं. ते आधी वेदीच्या जागीच उभं होतं. लॉर्ड डेप्युटी वेंटवर्थने ते तिथून हलवायला लावलं. तिकीट काढावं लागतं, पण बॉईलवर काम करणाऱ्याने ते जाऊन बघावंच. तो माणूस स्वतःला कसा दाखवू पाहत होता ते शंभर पानांत कळत नाही एवढं तिथे कळतं.

मोठ्या नावांचा कंटाळा आला तर ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या १६४१च्या जबान्या उघडा. त्या वर्षीच्या आयरिश कॅथलिकांच्या उठावानंतर सुमारे आठ हजार जबान्या घेतल्या गेल्या आणि २०१०पासून त्या फुकट ऑनलाइन आहेत. विणकर, विधवा, पाद्री, शेतकरी काय काय गमावलं ते सांगतात: गाई किती, धान्य किती, कुणाकडे उधारी किती. सांगणारे बहुसंख्य प्रोटेस्टंट आहेत आणि 'असं ऐकलं' हा मजकूर भरपूर आहे. मेलेल्यांच्या आकड्यांवर विसंबू नका, पण घरातल्या सामानाच्या याद्यांवर एखादा चांगला प्रबंध उभा राहू शकतो.

सुरुवात कुठून करायची, तर आयरिश चरित्रकोशापासून. २०२१पासून तो सर्वांना मोफत आहे आणि हजारो चरित्रं आहेत. लेख वाचण्याआधी शेवटची साधनांची ओळ वाचा. तिथेच कळतं की या माणसावर पुण्यात बसून काम होईल की क्यूला जावं लागेल. आयरिश ग्रंथांच्या संहिता आणि भाषांतरं कॉर्क विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहेत. अक्षर वाचायची तयारी मात्र घरीच करून या. त्या काळच्या इंग्रजी कारकुनी वळणात सी हे अक्षर आरसारखं दिसतं आणि एच ओळीखाली शेपूट सोडतो. ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जचा विनामूल्य सराव-पाठ पुरेसा आहे. मोडी वाचलेल्यांना हे लवकर जमतं असा माझा अनुभव, कारण न लागलेलं अक्षर सोडून पुढे जायची आणि मग परत यायची सवय त्यांना असते.

पैशांबद्दल थोडक्यात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी जड जाते. आयरिश सरकारची एक वर्षाची शिष्यवृत्ती आहे, तिच्यात फी माफ होते आणि खर्चाला १०,००० युरो मिळतात, पण जागा मोजक्या. अर्जात 'आयर्लंडचं मला आकर्षण आहे' हे वाक्य नको. कुठल्या संग्रहातले कुठले कागद वाचणार ते लिहा.

मराठी विद्यार्थ्याने घ्यावा असा एक विषय मला नेहमी खुणावतो. डब्लिनच्या मध्यभागी ऑन्जियर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. सतराव्या शतकात तो फ्रान्सिस ऑन्जियर, म्हणजे पुढचा अर्ल ऑफ लाँगफर्ड, याने वसवला. त्याचा भाऊ जेराल्ड ऑन्जियर १६६९ ते १६७७ सुरतेच्या वखारीचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर होता. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाला गेला तो याच्याच अमदानीत. शिवाजी महाराजांशी झालेल्या व्यवहाराची त्याची पत्रं शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली पुण्यात छापलेल्या इंग्रजी कागदपत्रांत मिळतात, मूळ दफ्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि घराण्याच्या लाँगफर्डमधल्या जमिनींचे धागे आयर्लंडात. आयर्लंडात जमीन मिळवून वर आलेल्या घरातल्या माणसाने मुंबईतल्या जमिनीचे तंटे कसे सोडवले, १६७२च्या तडजोडीत तिकडचं काय डोकावतं, हे दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवूनच बघता येईल. मराठी, मोडी आणि ते कारकुनी इंग्रजी वळण, तिन्ही येणारा माणूस त्यासाठी हवा.